दहा मिनिटांचा प्रवास

इसवी सन १९०४ मधील गोष्ट. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचे कारखान्यांचे एक शहर आहे. तेथील तंत्रविद्येच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निबंधासाठी एक विषय देण्यात आला : १९५० सालचा प्रवास. सेहेचाळीस वर्षांनंतर माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जातील, याची कल्पना करावयाची होती. वर्गात बावीस वर्षांचा एक कृश, अबोल विद्यार्थी होता. आजारपणामुळे तो शिक्षणात मागे पडला होता. त्याने या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात त्याने आगगाडीची चाकेच काढून टाकली होती!

या विद्यार्थ्याचे नाव रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड. पुढे अग्निबाणांच्या शास्त्राचा एक जनक म्हणून तो जगाला ठाऊक झाला. परंतु आकाशाकडे वळण्यापूर्वी त्याने जमिनीवरील वेगाचा विचार केला होता, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

त्या काळी बॉस्टन शहराहून न्यूयॉर्कला जाण्यास आगगाडीला पाच तासांच्या आसपास वेळ लागत असे. या दोन शहरांमधील सरळ अंतर तीनशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. आपली गाडी हे अंतर दहा मिनिटांत तोडील, असे गॉडर्डने लिहिले. म्हणजे तिला ताशी सरासरी अठराशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जावे लागणार होते. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत विजेवर चालणाऱ्या एका डब्याने ताशी सुमारे २१० किलोमीटर वेग गाठला होता आणि त्या विक्रमाचे सर्वत्र मोठे कौतुक झाले होते. गॉडर्डची गाडी त्याच्या आठपटीहूनही अधिक वेगाने जाणार होती. ती कशाच्या जोरावर?

गाडीचा वेग दोन गोष्टी अडवितात. एक, चाक आणि रूळ यांमधील घर्षण; आणि दुसरी, हवा. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून सायकल चालविणाऱ्या मुलाला हवेचा विरोध म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. वेग दुप्पट केला की हा विरोध चौपट होतो. आणि त्या विरोधाशी झगडत पुढे जाण्यास इंजिनाला आठपट शक्ती खर्चावी लागते. म्हणून केवळ मोठे इंजिन जोडून वेग हवा तितका वाढविता येत नाही. गॉडर्डने या दोन्ही शत्रूंना एकदम दूर करण्याचे ठरविले. गाडी विद्युच्चुंबकांच्या बळाने अधांतरी तोलून धरावयाची, म्हणजे तिचा कोठेही स्पर्श होणार नाही. आणि तिचा मार्ग पोलादी नळीत ठेवून त्या नळीतील हवा उपसून काढावयाची, म्हणजे अडविण्यास समोर काही उरणारच नाही. गाडीला पुढे ढकलण्याचे कामही चुंबकांनीच करावयाचे.

राहता राहिला आत बसलेला माणूस. वेग एकाएकी वाढला तर माणूस आसनावर चेपला जाईल आणि एकाएकी कमी झाला तर समोर आपटेल. वेग हळूहळू वाढत गेला, तर मात्र तो कितीही असला तरी माणसाला त्याचा उपद्रव होत नाही. पृथ्वी आपल्याला घेऊन सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर धावते, तरी आपल्या हातातील पेल्यातले पाणी हिंदकळत नाही. बॉस्टनहून निघालेल्या गाडीचा वेग अर्ध्या वाटेपर्यंत सारखा वाढवीत नेला आणि पुढच्या अर्ध्या वाटेत तसाच सारखा उतरवीत आणला, तर दहा मिनिटांच्या या प्रवासात मध्यावर तो सेकंदाला एक किलोमीटर भरतो. आणि तरीही प्रवाशाला जाणवणारा रेटा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी राहतो. हा हिशेब कोणीही कागदावर मांडून पाहावा.

हा निबंध लिहिणारा गॉडर्ड ५ ऑक्टोबर १८८२ रोजी वुस्टर येथेच जन्मला. जमिनीपासून सुटण्याची ओढ त्याला अगदी लहानपणापासून होती. पाच वर्षांचा असताना त्याने ऐकले की, गालिच्यावर पाय घासले असता अंगात वीज उत्पन्न होते. त्याने घरातील विजेच्या घटातून जस्ताचा तुकडा मिळविला, तो हातात धरून अंगणातील खडीच्या वाटेवर पाय घासले आणि उड्या मारून पाहिल्या. या विजेमुळे आपण अधिक उंच उडू, असे त्याला वाटत होते. आईने हा उद्योग पाहिला व त्याला सांगितले की, प्रयोग साधला तर तू कोठेतरी दूर निघून जाशील आणि मग परत येता येणार नाही. रॉबर्टला ते पटले. त्याने जस्त बाजूला ठेवून दिले. सोळाव्या वर्षी त्याने ॲल्युमिनियमचा फुगा बनविला. तो फुगा काही जमिनीवरून हलला नाही.

प्रकृती त्याची जन्माचीच वैरीण होती. आज खोकला, उद्या छातीचे दुखणे, परवा पोटाचे. त्यामुळे सोबतीची मुले दोन इयत्ता पुढे निघून गेली. घरी पडल्या पडल्या तो ग्रंथालयातून आणलेली पदार्थविज्ञानाची पुस्तके वाचीत राही. न्यूटनचे गतीचे नियम त्याने असेच वाचले, आणि ते खरे की खोटे हे स्वतः पाहिल्यावाचून त्याला चैन पडेना.

१९ ऑक्टोबर १८९९ रोजी सतरा वर्षांचा रॉबर्ट घराच्या आवारातील चेरीच्या झाडावर वाळलेल्या फांद्या छाटण्यास चढला होता. मंगळावरील प्राण्यांनी पृथ्वीवर स्वारी केल्याची एक कल्पित कथा त्याने नुकतीच वाचली होती. उंच फांदीवरून खालच्या शेताकडे पाहता पाहता त्याच्या मनात विचार आला की, मंगळापर्यंत जाऊ शकेल असे एखादे यंत्र करता आले तर! त्या दुपारी झाडावर चढलेला मुलगा खाली उतरला तो निराळा होऊनच. आयुष्यभर १९ ऑक्टोबर हा दिवस त्याने मनाशी एखाद्या सणासारखा पाळला आणि वुस्टरला असला की तो त्या झाडाला भेटून येई.

चुंबकाच्या गाडीची कल्पना त्याने निबंधापुरतीच ठेवली नाही. १९०९ साली अमेरिकेतील एका विख्यात विज्ञान-साप्ताहिकाने तिची दखल घेतली. परंतु अशी नळी बांधावयाची म्हणजे शेकडो किलोमीटर पोलाद हवे, हवा उपसणारे प्रचंड पंप हवेत, आणि पैसा तर अमाप हवा. एका गरजू विद्यार्थ्याने हे सारे आणावे कोठून? अग्निबाण मात्र एका माणसाला एका खोलीत बनविता येतो. शिवाय, पृथ्वीवर नळीतील हवा काढण्यासाठी जो खटाटोप करावा लागतो, तो अवकाशात करावा लागत नाही. तेथे मुळातच हवा नाही. गॉडर्डची दृष्टी आडव्या वाटेवरून उभ्या वाटेकडे वळली.

१९११ साली त्याने क्लार्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर दोनच वर्षांनी क्षयाने त्याला गाठले. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. डॉक्टरांनी त्याच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले आहेत असे सांगितले. गॉडर्डने अंथरुणावर पडून टिपणे लिहिली, थोडे बरे वाटताच मोकळ्या हवेत फिरण्याचा नेम धरला, आणि १९१४ साली, जेव्हा त्याने मरून जावयास हवे होते तेव्हा, दोन महत्त्वाची पेटंटे मिळविली. एक होते टप्प्याटप्प्यांनी उडणाऱ्या अग्निबाणाचे, तर दुसरे द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या अग्निबाणाचे. आज चंद्रावर वा मंगळाकडे जी याने जातात, त्यांच्या मुळाशी या दोन कल्पना आहेत.

हवा नसलेल्या ठिकाणी अग्निबाण चालणार कसा, अशी शंका त्या काळी शिकलेल्या लोकांनाही येत असे. मागे हवा नसेल तर तो ढकलणार कशाला? ही शंका मुळातच चुकीची आहे. होडीतून काठावर उडी मारणारा माणूस होडीला मागे लोटतो. ती मागे जाते ती पाठीमागच्या हवेमुळे नव्हे, तर त्याने दिलेल्या धक्क्याची प्रतिक्रिया म्हणून. अग्निबाणातून बाहेर पडणारा वायू त्या माणसासारखा असतो. गॉडर्डने यावर वाद घालीत न बसता प्रयोगच केला. हवा काढून टाकलेल्या पात्रात त्याने पुन्हा पुन्हा बार उडविले आणि मिळणारा रेटा मोजला. निर्वातात तो रेटा कमी तर झाला नाहीच, उलट थोडा वाढला.

हे सर्व त्याने एका शास्त्रीय प्रबंधात मांडले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने त्याला १९१७ साली पाच हजार डॉलर मंजूर केले होते. तिनेच हा प्रबंध १९२० च्या जानेवारीत लोकांपुढे आणला. प्रबंध होता मुख्यतः वातावरणाचे वरचे थर कसे अभ्यासावेत याविषयी. अखेरीस मात्र त्याने लिहिले होते की, अग्निबाण पुरेसा मोठा केला तर तो चंद्रावर जाऊन आदळू शकेल आणि तेथे पेटलेल्या दारूचा लखलखाट पृथ्वीवरून दुर्बिणीतून दिसू शकेल. वर्तमानपत्रांनी बाकीचा सारा प्रबंध बाजूला ठेवला आणि एवढेच उचलले. न्यूयॉर्क टाइम्स या मातबर वृत्तपत्राने १३ जानेवारी रोजी आपल्या लेखात या प्राध्यापकाला शाळेतील मुलांना शिकविले जाते तेवढेही पदार्थविज्ञान येत नाही, असा शेरा मारला. ज्या प्रयोगाने ही शंका खोटी ठरविली होती, तो त्याच प्रबंधात छापलेला होता; परंतु तो वाचण्याची तसदी घेतली गेली नाही. गॉडर्डला हसणारे लोक गल्लोगल्ली झाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, क्षयाने कित्येक वर्षे झिजलेली त्याची आई वारली.

या घटनेपासून तो अधिकच अबोल झाला. आपले काम कोणास दाखवीनासा झाला आणि इतर शास्त्रज्ञांनी विचारले तरी हातचे राखूनच उत्तर देऊ लागला. हा त्याचा दोष मानला पाहिजे. जर्मनीतील तरुण मंडळी एकत्र काम करीत पुढे जात असता गॉडर्ड एकटाच चार कारागिरांना घेऊन झगडत राहिला. उपहासाने दुखावलेल्या माणसाने दार लावून घेतले, याचे नवल वाटत नाही. परंतु त्या बंद दाराने त्याचेच नुकसान अधिक झाले.

१६ मार्च १९२६. वुस्टरजवळच्या ऑबर्न गावी गॉडर्डच्या एफी आत्याचे शेत होते. जमिनीवर बर्फ साचलेले होते. गॉडर्ड, त्याची पत्नी एस्थर आणि विद्यापीठातील दोन सहकारी तेथे आले. त्यांनी उभे केलेले यंत्र पाहून कोणालाही हसू आले असते : बारीक नळ्यांचा एक सांगाडा, माणसाहून उंच, वरच्या टोकाला छोटेसे इंजिन आणि खाली पेट्रोल व द्रवरूप प्राणवायू यांच्या टाक्या. प्राणवायू द्रवरूपात आणावयाचा म्हणजे त्याला शून्याखाली १८३ अंशांपर्यंत थंड करावे लागते. एका सहकाऱ्याने लांब दांड्याला बांधलेल्या ज्योतीने इंजिन पेटविले. ज्वाला निघाली, आवाज झाला, पण अग्निबाण जागचा हलेना. त्याचे वजन इंजिनाच्या रेट्याहून अधिक भरत होते. इंधन जळत गेले, भार हलका होत गेला, आणि मग तो सावकाश, जणू काही विचार करून, वर उठला. वर जाताच त्याने वेग घेतला, वळण घेतले आणि कोबीच्या गोठलेल्या शेतात तो कोसळला. अडीच सेकंद, एकेचाळीस फूट उंची, एकशे चौऱ्याऐंशी फूट अंतर. द्रव इंधनाच्या अग्निबाणाचे जगातील हे पहिले उड्डाण!

एस्थर चित्रपटाचा कॅमेरा घेऊन उभी होती. तो कॅमेरा चावीवर सात सेकंदच चालत असे. अग्निबाणाने उठण्यास इतका वेळ घेतला की, तो उठण्यापूर्वीच कॅमेऱ्याची चावी संपली. त्यामुळे या उड्डाणाचे चलच्चित्र जगात नाही. अग्निबाण पेटविण्यापूर्वी त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या गॉडर्डचे एक छायाचित्र तेवढे आहे.

पुढील वर्षांत अग्निबाण मोठे होत गेले आणि त्यांचे आवाजही. १९२९ च्या जुलैमध्ये एक अग्निबाण वायुभारमापक, तापमापक आणि कॅमेरा घेऊन उडाला तेव्हा विमान कोसळले अशी समजूत होऊन रुग्णवाहिका धावत आल्या. अधिकाऱ्यांनी राज्यात असे प्रयोग करण्यास त्याला मनाई केली. परंतु या गोंगाटाने एक भलेही झाले. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गच्या कानी गॉडर्डचे नाव गेले. त्याच्या शब्दामुळे गुगेनहाइम नावाच्या धनिक घराण्याने द्रव्यसाहाय्य दिले आणि १९३० साली गॉडर्ड न्यू मेक्सिकोतील रॉसवेलच्या उजाड माळरानावर आपले बिऱ्हाड घेऊन गेला. तेथे त्याचे अग्निबाण सुमारे अडीच किलोमीटर उंच गेले. भोवऱ्याप्रमाणे फिरणाऱ्या चाकाच्या साहाय्याने त्याने त्यांना सरळ उडावयास शिकविले. एस्थर छायाचित्रे घेई, टिपणे टंकलिखित करी, अग्निबाण सावकाश खाली यावा म्हणून हवाई छत्र्या शिवी आणि माळावर पसरलेली आगही विझवी. १९३८ साली वुस्टरकडे मोठे वादळ झाले. त्यात ते चेरीचे झाड पडले. दूर रॉसवेलला ही वार्ता पोहोचली तेव्हा त्याने आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलासाठी काम करीत असता त्याच्या घशाला कर्करोग झाला. १० ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोर येथे त्याचे निधन झाले. त्या वेळी तो बासष्ट वर्षांचा होता. आपला अग्निबाण चंद्राकडे निघालेला त्याने पाहिला नाही.

एस्थरने त्याचे कागद लावण्यास घेतले. त्याच्या नावावर एकंदर २१४ पेटंटे आहेत. त्यांतील १३१ त्याच्या मृत्यूनंतर तिच्या चिकाटीने मिळालेली आहेत. या कागदांत हवा काढलेल्या नळीतून वाहन नेण्याची योजनाही होती. तिचा अर्ज १९४५ साली, गॉडर्डच्या अखेरच्या वर्षी, सरकार-दरबारी गेला होता. विद्यार्थिदशेतील ती कल्पना त्याने चाळीस वर्षे मनातून जाऊ दिली नव्हती. नळीमार्गाचे हे पेटंट मंजूर झाले ते १९५० साली, म्हणजे निबंधाच्या शीर्षकात जे साल होते नेमके त्याच साली.

१९६९ च्या जुलैमध्ये तीन अमेरिकन अंतराळवीर चंद्राकडे निघाले. ते निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै रोजी, न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या एकोणपन्नास वर्षांपूर्वीच्या लेखातील चूक दुरुस्त केली आणि झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. एस्थर तेव्हा हयात होती.

चुंबकाच्या गाडीचे पुढे काय झाले? तिचा विचार करणारा गॉडर्ड एकटा नव्हता. एमिल बाशेले याने १९१४ साली लंडनमध्ये अशा गाडीची लहान प्रतिकृती लोकांना तरंगवून दाखविली. हर्मान केंपर या जर्मन अभियंत्याने १९३४ साली बिनचाकी गाडीचे पेटंट मिळविले. चुंबकाची ओढ एकसारखी तोलून धरणे फार अवघड असते. गाडी किंचित जवळ आली की चुंबक तिला चिकटवू पाहतो, किंचित दूर गेली की सोडून देतो. सेकंदाच्या लहानशा भागात हे अंतर मोजून चुंबकातील वीज कमीजास्त करणारी साधने उपलब्ध झाली तेव्हाच हे काम साधले. १९८४ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या विमानतळावर प्रवाशांसाठी अशी पहिली गाडी सुरू झाली. ती सावकाश चाले आणि १९९५ साली बंदही पडली. चीनमधील शांघाय येथे २००२ च्या शेवटच्या दिवशी उद्घाटन झालेल्या गाडीने मात्र तीस किलोमीटरांच्या मार्गावर ताशी ४३० किलोमीटरांचा वेग गाठला. ही गाडी मार्गापासून जेमतेम एक सेंटिमीटर उचललेली असते.

जपानने निराळा मार्ग धरला. काही धातू अतिशय थंड केले असता त्यांतून वीज मुळीच अडथळा न होता वाहते, हा शोध १९११ साली हॉलंडमध्ये लागला होता. गॉडर्डला डॉक्टरेट मिळाली तेच हे साल. जपानी गाडीतील चुंबक द्रवरूप हेलियमने शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड केलेले असतात. गाडी प्रथम रबरी चाकांवर धावते. वेग ताशी दीडशे किलोमीटरांच्या आसपास गेला की चाके आत ओढली जातात आणि ती दहा सेंटिमीटर वर तरंगते. २१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशी येथील चाचणीमार्गावर माणसे बसलेल्या अशा गाडीने ताशी ६०३ किलोमीटर वेग नोंदविला.

या साऱ्या गाड्या हवेतूनच धावतात. गॉडर्डच्या दोन शत्रूंपैकी एकच हटविला गेला. हवा काढलेल्या नळीतून माणसांना नेण्याचा एक लहानसा प्रयोग नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात झाला. नळी पाचशे मीटर लांब होती, प्रवासी दोन होते आणि वेग ताशी १७२ किलोमीटर होता. त्याहून जोरात साध्या रुळांवरील गाड्या रोज धावतात. मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान असा नळीमार्ग बांधण्याविषयी २०१८ साली करार झाला होता. तो मार्ग कागदावरच राहिला, आणि करार करणारी कंपनी २०२३ साली बंद झाली.

बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत वेगवान आगगाडी आजही रुळांवरून, चाकांवर चालते. तिला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो.